तारण: बँकेतलं आणि चर्चमधलं

सोमवार ते शनिवार ‘तारण’ हा शब्द माझ्या तोंडून दिवसातून पन्नासदा तरी निघतो. सहकारी बँकेत सोनेतारण कर्जाच्या काउंटरवर बसते मी. पाटल्या येतात, सराफ कसोटीवर घासून बघतो, लाखेचं न् मण्यांचं वजन वजा होतं, पावती फाटते, डबी सील होऊन तिजोरीत जाते. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या तोंडी पुन्हा तोच शब्द: येशूच्या द्वारे तारण. अर्थ मात्र उलटा. बँकेत तारण आपण द्यायचं, मगच पैसे मिळतात. चर्चमध्ये तारण आपल्याला मिळतं, आणि बदल्यात ठेवायला कुणी काही मागत नाही.

हे ‘मागत नाही’ लोकांना पटत नाही. आमच्या कॅशियरनी एकदा डबा खाताना विचारलं, “मॅडम, खरं सांगा. तुमच्याकडे म्हणे आयुष्यभर काहीही करा, शेवटी विश्वास ठेवला की सगळं माफ. मग आम्ही काय वेडे म्हणून सरळ वागतो?”

प्रश्न खवचट होता, पण गैरलागू नव्हता. येशूनंतर त्याची शिकवण गावोगाव पोचवणारा आणि ज्याची पत्रं बायबलात आहेत तो पौल, त्यालाही त्याच्या हयातीत हाच प्रश्न विचारला गेला होता. डब्याच्या अर्ध्या तासात उत्तर मावलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

## चार शब्द आणि एक वाक्य

ही शिकवण एका वाक्यात सापडते ती पौलाच्या नावे असलेल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आठव्या-नवव्या वचनांत. आशय असा: तुमचं तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालं आहे, ते तुमच्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे, कर्मांमुळे नाही, म्हणजे कुणाला फुशारकी मारायला जागा नको.

पाप, तारण, कृपा, विश्वास. चारही शब्द ओळखीचे आहेत आणि घोटाळा तिथेच होतो.

पाप म्हटलं की आपल्याला कृत्यं आठवतात: चोरी, लबाडी, व्यभिचार. पौलाला त्याखालची अवस्था म्हणायची आहे. माणूस देवापासून तुटला आहे आणि ही तूट त्याला स्वतःच्या कमाईतून भरून काढता येत नाही. मुद्दल राहू द्या, व्याजच फिटत नाही. त्या अवस्थेतून सुटका म्हणजे तारण.

कृपा म्हणजे ‘कृपया रांगेत उभे राहा’मधली कृपा नव्हे. ज्यावर आपला काडीचाही हक्क नाही, ते समोरच्याने आपण होऊन देणं. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल मजुरीचं उदाहरण देतो: काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती मेहेरबानी नसते, त्याचं येणंच असतं. कृपा म्हणजे जे येणं नाही ते. (दिवाळीचा बोनस एके काळी कृपा होता म्हणे. आता तो येणं झाला आहे.)

आणि विश्वास म्हणजे ‘देव आहे’ असं मानणं नव्हे. बायबलातल्याच याकोबाच्या पत्रात यावर झणझणीत टोमणा आहे: देव एकच आहे हे तर भुतंही मानतात, आणि थरथर कापतात. माळशेज घाट उतरताना एसटीचा ड्रायव्हर हुशार आहे असं मानणं वेगळं, आणि खिडकीला डोकं टेकून झोपी जाणं वेगळं. पौलाचा विश्वास हा दुसऱ्या जातीचा आहे.

## कर्जमाफी झाली, म्हणजे कर्ज गेलं कुठे?

आपल्याकडे कर्जमाफी ही काही कुणाला समजावून सांगावी लागत नाही. २००८ ची केंद्राची, २०१७ ची राज्याची, मग २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सरकारने फुली मारली आणि कर्ज गेलं. बँकेच्या वहीत तसं होत नाही. ठेवीदाराचे पैसे असतात ते, हवेत कसे विरतील? शेतकऱ्याच्या खात्याला जमा पडते, कारण दुसऱ्या कुणीतरी भरणा केलेला असतो. शेतकऱ्याला फुकट पडलं, पण भरणाऱ्याला नाही.

ख्रिस्ती शिकवणीतल्या क्षमेची वही अशीच लिहिलेली आहे. देवाने ‘चालायचंच’ म्हणून डोळेझाक केली, असं ती म्हणत नाही. डोळेझाक केली असती तर ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली असती. ती म्हणते की येणेकऱ्यानेच देणेकऱ्याच्या वतीने भरणा केला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात, यरुशलेमच्या वेशीबाहेर येशूला क्रूसावर खिळण्यात आलं, तो हा भरणा. मराठी बायबलात यासाठी ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ अशी शब्दयोजना आहे. आमच्या काउंटरवर याला ‘सोडवणं’ म्हणतात. आईच्या पाटल्या मुलाने सोडवल्या. पाटल्यांनी स्वतःला सोडवलं असं कुणी म्हणत नाही.

बँकेतला माणूस इथे लगेच विचारेल की मग पैसे गेले कुणाला? धर्मपंडितांनाही हे कोडं पडलं. तिसऱ्या शतकातला ओरिजेन खंडणी सैतानाला गेली असं म्हणे. अकराव्या शतकाच्या शेवटी अन्सेल्मने ते खोडलं: सैतानाचं देवाकडे येणं ते कसलं? माणसाने मोडली ती देवाची मर्यादा, तेव्हा भरपाईही त्याचीच. त्याच्या मागोमाग आलेल्या अबेलार्डला हा सगळा हिशेबच खटकला. क्रूसावर देवाचं प्रेम दिसलं आणि माणसाचं मन पालटलं, यावर त्याचा भर. गंमत म्हणजे यांपैकी एकच उपपत्ती खरी, असा निकाल कुठल्याही सर्वमान्य धर्मसभेने दिलेला नाही. तारण झालं यावर एकमत आहे, कसं झालं यावर दृष्टांतच दृष्टांत. माझा कर्जमाफीचा दृष्टांतही त्यातलाच एक. फार ताणला तर फाटेल.

## अंगठा म्हणजे पैसे नव्हेत

आता ‘विश्वासाच्या द्वारे’. मराठीत ‘मुळे’ आणि ‘द्वारे’ यांत जो फरक आहे त्यावर या शिकवणीचा अर्धा डोलारा उभा आहे. विश्वासामुळे तारण, असं म्हटलं की विश्वास ही किंमत झाली. कुणी सत्कर्माने भरली, कुणी विश्वासाने भरली, एवढाच फरक उरला. पण पौल ‘द्वारे’ म्हणतो.

२०१९ च्या योजनेत यादीत नाव आलेल्या शेतकऱ्याला आधार प्रमाणीकरण करावं लागे. यंत्रावर अंगठा ठेवायचा, रक्कम बरोबर आहे म्हणायचं, मग ती खात्याला जमा. अंगठ्याने कर्ज फिटलं का? नाही. कर्ज फेडलं तिजोरीने, अंगठ्याने फक्त ‘मला हे मान्य आहे, घेतो’ म्हटलं. पण अंगठा न लावता घरी बसलेल्याच्या खात्यात मंजूर झालेली रक्कमही पडली नसती. विश्वास हा असा घेणारा हात आहे.

दृष्टांत इथेच तोकडाही पडतो. आयुष्यभर खुरपणी केलेल्या म्हाताऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र तांबडा दिवा लावतं. आजी लुगड्याला अंगठा पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा तांबडा. मागची रांग चुळबुळते. विश्वासाचं यंत्र असं असतं तर आमच्यातले निम्मे लोक त्या रांगेत अडकले असते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलातल्या येशूच्या एका चरित्राच्या, नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका दमात दोन्ही. अंगठा अर्धवटच उमटला होता, तरी मुलगा बरा झाला. विश्वास किती दणकट आहे यापेक्षा तो कुणावर टाकला आहे याला महत्त्व.

पण मग हात पुढे करणं हे तरी माणसाचं स्वतःचं कर्तृत्व ना? या प्रश्नाने सोळाशे वर्षं डोकी तापवली आहेत. आपल्याकडे वैष्णव आचार्यांच्या वादात माकडाच्या आणि मांजराच्या पिल्लाचा दृष्टांत येतो. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं. मांजरीचं पिल्लू काही करत नाही, आईच मानगुटीला धरून उचलते. ख्रिस्ती धर्मपंडितांतही हाच वाद झाला. पाचव्या शतकात पेलागियस म्हणे की माणसात चांगलं वागण्याची ताकद देवाने मुळातच दिली आहे, ती वापरावी. ऑगस्टीन म्हणे की बाबा रे, हात पुढे करण्याची इच्छासुद्धा कृपेनेच होते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मतं धुडकावली. वाद मात्र मिटला नाही. १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्डरेख्त गावी प्रोटेस्टंटांनी, म्हणजे रोमच्या कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती लोकांनी, आपापसांत तोच पुन्हा घातला. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या पंथाचे मांजरवाले जिंकले. आर्मिनियसचे अनुयायी कृपा नाकारताही येते म्हणत होते, त्यांना बाहेर काढलं. आज जगभरातल्या मेथडिस्ट मंडळ्या आर्मिनियसच्या बाजूच्या आहेत. मला स्वतःला दर सोमवारी माकड आणि रविवारी मांजर पटतं.

## पेटलं ते एका कर्जावरून

हा विषय पुस्तकातून उठून युरोपच्या चव्हाट्यावर आला तो सोळाव्या शतकात, आणि त्यामागे एक थकीत कर्ज होतं. ही गोष्ट बँकवाल्यांना तरी ठाऊक हवी.

ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यातला आल्ब्रेख्त १५१४ साली माइन्त्सचा आर्चबिशप झाला. वय कमी, त्यात आधीचं एक मोठं धर्मपद हातात असताना दुसरं हवं. रोमला भली मोठी रक्कम भरणं आलं. ती त्याने आउग्सबुर्गच्या फुग्गर पेढीकडून उचलली. फेडायची कशी? त्याच्या मुलखात दंडमाफीपत्रं विकायची, निम्मे पैसे रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामाला, निम्मे पेढीच्या कर्जात. दंडमाफी ही मुळात पापाची क्षमा नव्हती. क्षमा झाल्यावरही शुद्धिस्थानात, म्हणजे मेल्यावर स्वर्गाआधीच्या मुक्कामात, जी शिक्षा भोगायची उरते तिच्यातली सूट, असा तिचा शास्त्रार्थ होता. पण योहान टेट्झेल नावाचा विक्रीला बसलेला साधू हे बारकावे सांगत बसणार थोडाच! सामान्य माणसाला समजलं ते इतकंच की पैसे टाका, पावती घ्या, मेलेला बाप सुटला.

विटेनबर्गच्या विद्यापीठात शिकवणारा मार्टिन लूथर हा मठवासी त्यावर उसळला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने ९५ मुद्दे लिहून खुद्द आल्ब्रेख्तलाच पाठवले. ते चर्चच्या दाराला ठोकले की नाही यावर इतिहासकार अजून भांडतात.

लूथरची तडफड नुसती पैशांवरून नव्हती. १५०५ साली वादळात वीज अंगावर पडता पडता वाचला, म्हणून नवस बोलून तो मठात गेला. उपास, जागरणं, तासन् तास पापकबुली. तरी खातं कधी निल होईना. प्रत्येक कबुलीनंतर बाहेर पडता पडता आणखी एक पाप आठवायचं. ‘देवाचं नीतिमत्त्व’ हा बायबलातला शब्दप्रयोग वाचला की त्याला धडकी भरे, कारण त्याचा अर्थ तो ‘देव ज्या कडक न्यायाने शिक्षा करतो तो’ असा घेत होता. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातलं सतरावं वचन घोळवताना त्याला उमगलं की हे नीतिमत्त्व देव मागत नाही, देतो. म्हातारपणी, १५४५ साली, त्याने लिहून ठेवलं आहे की त्या क्षणी स्वर्गाची दारंच उघडल्यासारखं वाटलं.

## मग कॅथलिक काय म्हणतात?

मी नगरची, प्रोटेस्टंट. वसईची माझी एक मैत्रीण कॅथलिक. ‘तुम्ही लोक कर्माने स्वर्ग मिळवता’ असं मी तिला कॉलेजात म्हणायचे आणि ती ‘तुम्ही फुकटे’ म्हणायची. दोघीही अर्धवट माहितीवर भांडत होतो.

भांडणाचा गाभा एका क्रियापदात आहे. पौलाचा ग्रीक शब्द कोर्टातला आहे: नीतिमान ठरवणं. लॅटिनमध्ये त्याचं जे रूप झालं त्यातून ‘नीतिमान करणं’ असाही अर्थ निघतो. लूथरच्या डोळ्यांपुढे कोर्ट आहे. न्यायाधीश निर्दोष म्हणतो आणि त्याच क्षणी सुटका होते; माणूस आतून अजून तसाच असला तरी. म्हणून तो म्हणे की ख्रिस्ती माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. कॅथलिकांच्या डोळ्यांपुढे दवाखाना आहे. कृपा सलाइनसारखी आत जाते, माणूस हळूहळू बरा होतो, आणि बरं होताना त्याने पथ्य पाळायचं असतं. ट्रेंटच्या धर्मसभेने जानेवारी १५४७ मध्ये ही भूमिका कलमवार मांडली. त्यातलं पहिलंच कलम सांगतं की कृपेविना नुसत्या स्वतःच्या कर्मांनी कुणी नीतिमान ठरू शकत नाही. हे मी कॉलेजात वाचलं असतं तर एक-दोन भांडणं वाचली असती.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी लुथेरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: तारण केवळ कृपेने, आपल्या कुठल्याही लायकीमुळे नाही, यावर आमचं मूलभूत एकमत आहे; उरलेल्या मतभेदांसाठी एकमेकांना धिक्कारण्याचं कारण नाही. पुढे २००६ मध्ये मेथडिस्टांनी आणि २०१७ मध्ये कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनेही त्यात सूर मिळवला. पहिल्या सह्या झाल्या त्या गावाचं नाव आउग्सबुर्ग. फुग्गर पेढीचं गाव.

## मग खुशाल पाप करावं?

कॅशियरचा प्रश्न. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच याने होते: कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? पौलाचं उत्तर ‘छे, भलतंच!’ या थाटाचं आहे. त्याचं म्हणणं, ज्याला हा प्रश्न पडतो त्याला कृपा म्हणजे सवलत वाटते आहे. ती सवलत नाही, नवं नातं आहे. दत्तक घेतलेलं मूल ‘आता मला कुणी घराबाहेर काढू शकत नाही, तेव्हा रोज एक कपबशी फोडतो’ असं म्हणत नाही. म्हणालंच, तर दत्तकविधी त्याच्या मनापर्यंत पोचलेला नाही.

आठव्या-नवव्या वचनाला लागून इफिसकरांस पत्रात दहावं वचन आहे, ते लोक वाचत नाहीत: आपण सत्कर्मांसाठी घडवलेले आहोत. सत्कर्मं रद्द झालेली नाहीत. त्यांची जागा बदलली आहे. आधी कर्म, मग स्वीकार, हा जगाचा क्रम. इथे आधी स्वीकार, मग कर्म.

हा क्रम डोळ्यांनी बघायचा तर लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय बघावा. यरीहोतला मुख्य जकातदार, बुटका, गब्बर, लोकांना लुबाडून शेफारलेला. गर्दीत येशू दिसेना म्हणून हा प्रतिष्ठित गृहस्थ झाडावर चढला. येशू खाली थांबून म्हणतो, जक्कया, उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लक्षात घ्या, अजून त्याने एक पैसा परत केलेला नाही. लोक कुरकुरतात, याच्या घरी जेवायला? आणि मग जक्कय उभा राहून म्हणतो, माझी निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. आधी पाहुणा घरी आला, नंतर वसुली झाली, आणि तीही कुणी नोटीस न काढता. माझ्या नोकरीत इतकी सुखाची वसुली मी बघितलेली नाही.

याच गोष्टीत आणखी एक उत्तर आहे. देवाने माफ केलं म्हणून ज्याचे पैसे बुडाले त्याचं देणं फिटत नाही. ते चौपट द्यावं लागलं. कोर्टातला खटलाही प्रार्थनेने मिटत नाही, आणि मिटतो असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

याकोबाच्या पत्रात ‘कर्मांवाचून विश्वास निर्जीव’ असं आहे, इतकंच नव्हे तर माणूस केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनीही नीतिमान ठरतो असं सरळ म्हटलं आहे. लूथरला हे इतकं अडचणीचं झालं की १५२२ मध्ये त्याने या पत्राला ‘गवताचं पत्र’ म्हणून हिणवलं. स्वतःच्या जर्मन भाषांतरात, रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, त्याने ‘केवळ’ हा शब्द मुळात नसताना घातला, हेही सांगायला हवं. माझ्या मते याकोबाला हिणवण्याची गरज नव्हती. पौल बोलतो आहे झाड कुठे लावायचं याबद्दल, याकोब विचारतो आहे फळ कुठे आहे. जर्मनीतच चार शतकांनी डीट्रिख बोनहोफर या लुथेरन पाळकाने ‘स्वस्त कृपा’ हा शब्द काढून स्वतःच्या चर्चला धारेवर धरलं: पश्चात्तापाविना क्षमा वाटता, शिष्य व्हायची तयारी नको, ही कृपा तुम्हीच तुम्हाला बहाल केलेली आहे. हिटलरविरोधी कटातल्या सहभागासाठी त्याला एप्रिल १९४५ मध्ये फाशी झाली.

## केडगावच्या बाईंचं काय झालं होतं

मराठीत या विषयाचा सगळ्यांत सच्चा दस्तऐवज मला पंडिता रमाबाईंचा वाटतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना आसरा दिला, शिकवलं. धर्मांतर झालेलं, समाजकार्य चाललेलं. बाहेरून बघणाऱ्याला आणखी काय हवं? पण १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. विधी पार पडला, मतं पटली, तरी मनावरचं ओझं उतरलं नाही. ते उतरलं बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, जसे आहोत तसे घेतले गेलो हे कळल्यावर. काम त्याआधीही होतं, नंतरही राहिलं. केडगावचं मुक्ती मिशन नंतरचंच. फक्त ते काम हप्ता म्हणून भरणं थांबलं.

ज्या बाईने लहानपणापासून तीर्थं, उपास, पुराणपठण केलं, दुष्काळात आईवडील गमावले, तिला ‘पात्रता लागत नाही’ हे ऐकून काय वाटलं असेल याची मी कल्पना करते. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. कृपेची भाषा त्यांना नवी नव्हती, आपल्या अभंगांनी ती आधीच शिकवली होती. आणि तरी, अट नाही असं शिकवणाऱ्या आमच्याच मंडळ्यांत लग्न जुळवताना जात हळूच विचारली जाते. तिथे कृपा पोचलेली दिसत नाही.

## ज्यांनी ऐकलंच नाही त्यांचं?

इथे ख्रिस्ती लोकांत खरोखर मतभेद आहेत. येशूवर जाणतेपणी विश्वास ठेवल्यावाचून तारण नाही, असं अनेक इव्हँजेलिकल मंडळ्या मानतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान पोचलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाने वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. अर्थात तेही कृपेनेच. मी यात निकाल देत नाही. यादी करणं माझ्या खात्यात येत नाही.

## नियमित हप्ते भरणाऱ्याचं काय?

सगळ्यांत अवघड आक्षेप हा. कर्जमाफी जाहीर झाली की गावोगाव हाच सवाल उठतो: पोटाला चिमटा घेऊन वेळेवर भरलं, ते मूर्ख ठरले का? पुढे सरकारला नियमित फेडणाऱ्यांसाठी पन्नास हजारांपर्यंतचा प्रोत्साहनपर लाभ द्यावा लागला, तो या रागामुळेच.

येशूने या रागावर दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्हींत तो लपवलेला नाही. मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक नाक्यावरून मजूर आणतो. काही पहाटे, काही नऊला, बाराला, तीनला, आणि काही चक्क पाच वाजता, दिवस मावळायला तास उरलेला असताना. संध्याकाळी सगळ्यांना एकच दीनार. वर मुद्दाम शेवटच्यांपासून सुरुवात, म्हणजे पहाटेच्यांनी उभं राहून बघावं. ते भडकतात. मालक म्हणतो, तुझ्याशी ठरलं ते दिलं ना? मी उदार झालो म्हणून तुझ्या पोटात का दुखतं? कुठल्याही मजूर संघटनेने या मालकाला घेराव घातला असता. पण पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभा असलेला माणूस आळशी नव्हता. विचारल्यावर तो सांगतो, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. आणि दीनार म्हणजे एका कुटुंबाचं एका दिवसाचं पोट. त्याहून कमी दिलं असतं तर त्या घरी चूल अर्धीच पेटली असती.

दुसरी गोष्ट लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या दोन मुलांची. वाटणी मागून, उधळून, डुकरं राखून परत आलेला धाकटा सगळ्यांना माहीत असतो. माझं लक्ष थोरल्याकडे जातं. तो शेतातून येतो, घरात गाणंबजावणं ऐकतो, आणि दाराबाहेरच थांबतो. इतकी वर्षं मी तुमची गुलामासारखी चाकरी केली, मला कधी करडूही दिलं नाहीत, आणि हा आला तर पोसलेलं वासरू? बाप बाहेर येऊन विनवतो: बाळ, माझं ते सगळं तुझंच आहे. गोष्ट इथे थांबते. थोरला आत गेला की नाही, येशूने सांगितलेलं नाही.

एका मार्चअखेरीला एका काकांनी बायकोच्या पाटल्या आमच्याकडे ठेवल्या होत्या, सोसायटीचं पीककर्ज एकतीस तारखेच्या आत भरायला. पुढे माफी जाहीर झाली, थकबाकीदारांची यादी गावात लागली. यांचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. कांदा विकून पैसे घेऊन ते पाटल्या सोडवायला आले. मी यादीचा विषय काढायला नको होता, पण काढला.

“नाव नाही त्याचं काही नाही, ताई,” ते म्हणाले. “बांधाला बांध लागून आहे त्याचं आलंय, म्हणून झोप येत नाही.”

मी सील फोडलं. त्यांनी दोन्ही पाटल्या उजेडाकडे धरून पाहिल्या, रुमालात बांधल्या, आणि शेजाऱ्याच्या बायकोची बोरमाळही आमच्याच तिजोरीत आहे, ती सोडवायला किती भरावे लागतील, असं हळूच विचारलं.